शिट्टीतला पाचवा सूर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा हात इथवर पोचत नाही, तेव्हा निवांत वाकतोय.

सगळं जग फोनवर बोलतं आणि आमच्या ताईला कागद हवा! का, तर म्हणे फोनवर मी नुसता ‘हं, हं’ करतो. घे बाई कागद. बातमीही कागदावर शोभेल अशीच आहे. माझी रेकॉर्ड निघतेय! माझ्या स्वतःच्या चालींची, आठच्या आठ माझ्या. इतकी वर्षं हॉटेलात लोक सूप पीत असताना कोपऱ्यात बसून गिटार वाजवली, दुसऱ्यांच्या गाण्यांना हातभार लावला. आता माझा बासवाला, माझा ड्रमवाला आणि मी. मे महिन्यात रेकॉर्डिंग, आणि त्याआधी बारा एप्रिलला दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये कार्यक्रम.

एकच भानगड आहे. रेकॉर्ड काढणाऱ्या बाईंना प्रत्येक चालीखाली दोन ओळी हव्यात, ही कुठून सुचली म्हणून. लिहायला बसलो आणि पाहतो तर काय, सगळं आपलं घरच! ‘दुसरा हात’ ही आप्पांच्या ब्रशची चाल. आप्पा म्हणायचे ना, रंगाचा पहिला हात भिंतीसाठी, दुसरा घरमालकासाठी? तसे त्यात तेच सूर दोनदा येतात, दुसऱ्यांदा जाड होऊन. ‘ऐकतोस का?’ ही कोणाची ते सांगायला नको. भयंकर वेगात आहे आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. ‘लाल रंग’ मात्र सगळ्यांत आनंदी. मी पाचेक वर्षांचा असेन. आप्पा कामावरून आले ते हनुवटीवर, शर्टावर लालेलाल रंग सांडून, आणि तू इतकी हसत होतीस की डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. आठवतं? ती वाजवताना आमचा ड्रमवालासुद्धा दात काढतो, आणि तो एरवी स्वतःच्या वाढदिवसालाही हसत नाही.

राहिली शेवटची. ती आप्पांच्या शिट्टीवर आहे. शिडी खांद्यावर घेऊन जिना चढताना वाजवायचे ती. चार सूर एकावर एक चढत जायचे आणि पाचव्याच्या जागी नुसती हवा. फुस्स. नाव दिलंय ‘न बोललेलं’. पण तिला शेवट नाही, ताई. आमच्या जॅझमध्ये एक छोटी चाल घ्यायची, ज्याने त्याने आपापल्या वाटेने भटकून यायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून घरी परतायचं. इथे मला घरच सापडत नाही. पाचवा सूर वर घेऊन पाहिला, आणखी वर घेऊन पाहिला, सगळे खोटे वाटतात. शेवट नसलेली चाल रेकॉर्डवर घेता येत नाही, आणि ही नसेल तर मला रेकॉर्डच नको.

म्हणून काम सांगतो. आप्पांची शिट्टी तुझ्या फोनमध्ये गुपचूप पकड आणि पाठव. त्यांना यातलं अक्षरही सांगू नकोस. माझ्या वाजवण्याबद्दल त्यांना काय वाटतं ते मला ठाऊक आहे.

तुझा,
ठोक्या


११ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,

अनेक आशीर्वाद, आणि दोन धपाटे राखून ठेवलेत.

अभिनंदन रे! पत्र दवाखान्यातच फोडलं आणि अशी काही किंचाळले की आतल्या खुर्चीतल्या माणसाने घाबरून तोंड मिटलं. त्यात आमच्या डॉक्टरीणबाईंचं बोट सापडलं. बावीस वर्षं दातांच्या दवाखान्यात नावं पुकारतेय, असं कधी झालं नव्हतं. बाई रागावल्या, मग कारण कळल्यावर सुजलेल्या बोटाने तुझं अभिनंदन करा म्हणाल्या.

आता माझ्या चालीबद्दल. श्वास घ्यायला जागा नाही काय? रंगाच्या डब्यांवर ठोकून ठोकून ज्याने अख्ख्या इमारतीचं डोकं उठवलं आणि ‘ठोक्या’ हे नाव कमावलं, त्याने माझ्या वेगाबद्दल बोलू नये. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा, तेव्हा तू दुसऱ्या डब्याकडे वळलेला असायचास. ठेव नाव. पण चाल चांगली असू दे, नाहीतर भर हॉलमध्ये येऊन ‘ऐकतोस का?’ म्हणेन.

शिट्टीचं मात्र जमायचं नाही. बातमी माझ्याकडेही आहे. आप्पांना कवळी बसवली! बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे दात नीट होताना पाहतेय आणि घरात दिव्याखाली अंधार. शेवटी गेल्या महिन्यात तयार झाले. आता विचारू नकोस. आरशासमोर हसतात, शेजारणीकडे बघून हसतात, काल दूधवाल्याकडे बघून इतके हसले की त्याला वाटलं दुधात काहीतरी निघालं. पण शिट्टी गेली. वाजवा म्हटलं तर नुसता वारा, आणि वाऱ्यामागोमाग कवळी.

आणि हे बघ, दुसरा हात घरमालकासाठी नसतो. पहिला हात भिंत पिऊन टाकते, दुसरा दिसतो. असं आहे ते वाक्य. उगाच चुकीचं छापशील.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

कवळीबद्दल आप्पांचं अभिनंदन कर. मी मात्र इथे डोक्याला हात लावून बसलोय. चाळीस वर्षं वाजणारी शिट्टी, आणि मला हवी तेव्हाच तिने पळून जावं! देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, इथे तर दात आले आणि सूर गेले.

बरं, मला एक सांग. पहिला हात भिंत पिते हे तुला कसं ठाऊक? तू जन्मात ब्रश धरला नाहीस. मोरीचा दरवाजा रंगवायला घेतलास तेव्हा स्वतःची वेणी रंगवून बसली होतीस.

असो. ‘न बोललेलं’साठी दोन ओळी लिहिल्यात, वाच आणि खरं मत दे: ‘माझी आई गेली त्या वर्षी वडिलांच्या शिट्टीतला पाचवा सूर गेला. त्या अबोल माणसाने आपलं सगळं दुःख त्या एका रिकाम्या जागेत ठेवलं.’ रेकॉर्डवाल्या बाई वाचून डोळे पुसत होत्या. बासवाला म्हणाला, या शांततेत फार अर्थ आहे.

खरं सांगू? त्या रिकाम्या जागेत मी आणखी एक गोष्ट ऐकतो. मी गिटार घेऊन घर सोडलं तो दिवस. आप्पा कोणाच्या तरी दिवाणखान्याचं छत रंगवत होते. मी खाली उभा राहून सांगितलं, आप्पा, मी निघालो. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, “जा.” बस, एवढंच. वीस वर्षं झाली. एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. म्हणून म्हणतो, त्यांना काही कळवू नकोस.

ठोक्या


६ मार्च

चि. ठोक्यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं यावर घरात वाद चालला होता. होय, घरात. म्हणजे आप्पांत आणि माझ्यात. थांब, ओरडू नकोस, आधी पुरतं वाच.

तुझी सगळी पत्रं मी आप्पांना मोठ्याने वाचून दाखवते. पहिल्यापासून. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि फोन संपला की संपला, पत्र पुन्हा ऐकता येतं असं त्यांचंच म्हणणं. कागदाचा हट्ट माझा नव्हे रे राजा, त्यांचा आहे. तू ‘आप्पांना सांगू नकोस’ लिहितोस तेही वाचते. ते म्हणतात, “बरं, नाही ऐकलं. पुढे वाच.”

तर तुझ्या त्या दोन ओळी. त्या वाचल्यावर आप्पांनी मान खाली घातली. मला वाटलं, भरून आलं. मग खांदे हलायला लागले. हसत होते! हसता हसता कवळी हातात आली. मग मात्र मी ठरवलं की आता हे सांगायलाच हवं. त्यांनी नको नको म्हटलं, म्हणूनच पंधरा दिवस गेले.

तो सूर दुःखाने गेला नाही. तो तू पाडलास.

आपलं तेव्हाचं दार बाहेरच्या बाजूला, जिन्याकडे उघडायचं. आप्पांच्या एका खांद्यावर शिडी, दुसऱ्या हातात डबे, कडी वाजवायला हातच मोकळा नाही. म्हणून शिट्टी. आई ती ऐकून हळूच दार उघडायची. आई गेल्यावर महिना-दोन महिने मी उघडत होते. तू कोपऱ्यात बसलेला असायचास, डब्यांनाही हात लावत नव्हतास. मग एका संध्याकाळी शिट्टी वाजली आणि काय झालं कोण जाणे, तू तीरासारखा सुटलास आणि दार असं काही ढकललंस की दार शिडीवर, शिडी आप्पांच्या तोंडावर, आणि समोरचा दात जिन्यावरून टणटण खाली.

तू विचारलंस, “आप्पा, हे काय लागलंय?” आप्पा रुमाल धरून म्हणाले, “लाल रंग सांडला रे.” आणि तू टाळ्या पिटायला लागलास. लाल रंग, लाल रंग! आई गेल्यानंतर तू पहिल्यांदा हसलास. मी हसत नव्हते, ठोक्या. मी रडत होते. म्हणजे, हसतही होते. तुला हसताना पाहून कोणाला आवरेल?

तू झोपल्यावर मी म्हटलं, त्याला सांगायला हवं, पुढे जपून उघडेल. तेव्हा आप्पा काय म्हणाले ते मला शब्दनशब्द आठवतं. “दातांचं काय, अजून एकतीस आहेत. पण सांगितलं आणि त्याने दाराकडे धावायचं सोडलं, तर मी घरी कशाला यायचं?”

त्या दिवसापासून शिट्टीत फुस्स. त्याआधी पाच सूर होते. पाचवा कसा होता ते मला विचारू नकोस, मी गायले की मांजर घराबाहेर जातं हे तुला माहीत आहे.

एकच काळजी वाटते. हे पत्र लिहायचं ठरल्यापासून आप्पा रोज सकाळी न्हाणीघरात जातात, नळ सोडतात आणि अर्धा तास बाहेर येत नाहीत. विचारलं तर म्हणतात, काही नाही. डोळे लाल असतात. जुनं सगळं उकरून काढलं ते बरं केलं की नाही, कळत नाही बघ.

ताई


१० मार्च

तीर्थरूप आप्पांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

आजवर तुम्हांला एकही पत्र लिहिलं नाही, तेव्हा कसं लिहायचं ते येत नाही. ताईचं पत्र मिळालं. आधी मी हसलो, मग जे काय झालं ते लिहीत नाही. बासवाला दाराशी आला होता, तो माझं तोंड बघून आल्या पावली परत गेला.

आप्पा, मी तुमचा दात पाडला आणि त्याच्यावर दोन चाली रचल्या. एक आनंदाची आणि एक दुःखाची. दोन्ही चुकल्या की काय? त्या दोन ओळी मी फाडून टाकल्यात.

बारा एप्रिलला संध्याकाळी सहा वाजता माझा कार्यक्रम आहे. तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तुमच्या नावाने ठेवतोय, म्हणजे पाय लांब करता येतील. नाही आलात तरी मी समजून घेईन. पण या.

तुमचा,
ठोक्या

ता. क. त्या शिट्टीत तुम्ही काय वाजवायचात? काही गाणं होतं का?


२२ मार्च

चि. ठोक्यास,

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. अक्षर मोठं आहे, कारण आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. एका पानावर दोन ओळी मावतात, तेव्हा मुद्द्याचं लिहितो.

एक. मी ‘जा’ म्हणालो, ते ‘जा, वाजव’ असं म्हणालो. ‘वाजव’ मनात राहिलं. वळलो नाही, कारण छताला ब्रश लावलेला असताना मान फिरवली की रंग डोळ्यात जातो. तू रंगाऱ्याचा मुलगा. एवढं तुला कळायला हवं होतं.

दोन. वीस वर्षांत मला बोलावलंस कधी? ताईला लिहितोस, आप्पांना सांगू नकोस. बिनबोलावता मी मंत्र्याच्या घरीही जात नाही. आता बोलावलंस. चांगलं केलंस.

तीन. चाली चुकलेल्या नाहीत. लाल रंग तर अगदी बरोबर आहे. त्या दिवशी मलाही आनंदच झाला होता. दुखत होतं ते वेगळं.

चार. ते गाणं नव्हतं. मी आपला ‘आलो रे आलो’ म्हणायचो. आ, लो, रे, आ, लो. मोजून पाच. दात गेल्यावर शेवटचा ‘लो’ निसटायला लागला, कारण तो खालचा आहे. कसा खालचा ते कागदावर येत नाही.

पाच. तुझ्या ताईला वाटतं मी न्हाणीघरात रडतो. रडायला नळ कशाला सोडू? शिट्टीचा सराव करतोय. साबण डोळ्यात जातो म्हणून डोळे लाल. चार सूर जमले. पाचव्याला कवळी बाहेर येते. तिला सांगू नकोस, हसेल.

आप्पा

(ठोक्या, पाकीट मीच चिकटवतेय हे आप्पा विसरलेत. वाचलं. हसले. मला रजा नाही, डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी वीस जणांना बोलावलंय. आप्पांना एकट्यालाच बसमध्ये बसवून देईन. सांभाळ. – ताई)


१३ एप्रिल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखर वाकून.

आप्पा माझ्या खोलीत आहेत. सकाळपासून माझ्या भिंतींना नावं ठेवतायत. म्हणतात, एकच हात मारलाय मेल्याने, भिंत सगळा रंग प्यायली. बासवाला त्यांचा चहा करतोय. आता कालचं ऐक.

सहा वाजले, तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी. तुझ्याकडून फोन, की बस वेळेवर सुटली. पण ती वाटेत पंक्चर झाली हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही. सव्वासहाला सुरू करावंच लागलं. ‘दुसरा हात’ वाजवली, खुर्ची रिकामी. ‘ऐकतोस का?’ वाजवली. लोकांना इतकी आवडली की एक बाई उभ्या राहून नाचल्या, तुला खोटं वाटेल. ‘लाल रंग’ला ड्रमवाला हसला, मी मात्र तिसऱ्या रांगेकडेच बघत होतो. खुर्ची अजून रिकामीच होती. मी मनाला समजावलं, वय झालंय त्यांचं, रस्त्यातूनच परत गेले असतील.

शेवटची चाल आली. लोकांना सांगितलं, हिचं नाव आजपासून ‘आलो रे आलो’, आणि हिला अजून शेवट सापडलेला नाही, सांभाळून घ्या. भटकंती झाली. बासवाला भटकून आला, ड्रमवाला आला, मी आलो. शेवटचे चार सूर वाजवले. आ, लो, रे, आ. आणि थांबलो. नेहमीसारखाच, कारण पुढे काय ते मला ठाऊकच नव्हतं.

आणि बंद दाराच्या मागून शिट्टी आली, ताई.

नंतर कळलं, आप्पा दहा मिनिटं बाहेरच उभे होते. वाजवणं चालू असताना दार उघडायचं नाही असा तिथला नियम, आणि दारवान म्हणाला, आजोबा, संपेपर्यंत थांबा. आप्पांनी दाराला कान लावून सगळं ऐकलं. त्यांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तू दिलेला डबा. चार सूर ऐकले आणि मी थांबलेला ऐकला, तेव्हा त्यांनी पाचच्या पाच वाजवले. चार वर चढले, आणि पाचवा थेट खाली, पहिल्याच्याही खाली. शिडीच्या शेवटच्या पायरीवरून जमिनीवर उडी मारावी तसा. मी वीस वर्षं त्याला वर शोधत होतो! काम संपवून खाली उतरलेला माणूस वर कशाला जाईल? साधी गोष्ट, पण मला सुचली नाही.

पुढे काय झालं ते लोकांकडून कळलं, मला नीट आठवत नाही. म्हणे मी गिटार बासवाल्याच्या हातात कोंबली, स्टेजवरून उडी मारली आणि दोनशे माणसांमधून दाराकडे धावत सुटलो. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा! मागे ड्रमवाल्याने प्रसंगावधान राखून ठेका चालू ठेवला, म्हणून लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे आणि ते टाळ्यांनी ताल द्यायला लागले. मी दोन्ही हातांनी दार धरलं आणि जोरात ओढलं.

घाबरू नकोस. ते दार आत उघडतं.

आप्पा समोर उभे होते. मला बघून म्हणाले, “जरा हळू रे. नवे दात आहेत.”

कवळी शाबूत आहे. मेमध्ये आप्पा रेकॉर्डिंगला राहणार आहेत, न्हाणीघराच्या बाहेर सराव करायची परवानगी मी दिली आहे. चालीखालच्या दोन ओळी आज लिहून दिल्या, त्या तुलाही पाठवतो:

‘शिट्टी : आप्पा.
दार : मी.’

तुझा,
ठोक्या